इतिहासात बी.ए. केलंय. डिजिटल ह्युमॅनिटीजसाठी कोडिंग यायलाच हवं का?
सुरुवातीला नाही. डिजिटल ह्युमॅनिटीज म्हणजे इतिहास, साहित्य अशा विषयांचा संगणकाच्या मदतीने अभ्यास. या विषयाच्या प्रवर्तकांपैकी एक, रॉबर्तो बुसा, हे इटलीतले जेझुइट पाद्री होते. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या लेखनाची शब्दसूची करायला ते १९४९ साली आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. १ कोटीहून जास्त शब्द, तीसेक वर्षांचं काम! मजकूर यंत्राला देण्यासाठी कार्डांवर भोकं पाडण्यात (पंच करण्यात) तरुण मुलींचे अपार कष्ट होते, हेही विसरू नये. पण कुठल्या शब्दाचं मूळ रूप कोणतं, हे जाणकारांनाच ठरवावं लागलं.

तुमची ताकद तीच. मोडी येत असेल तर फारच उत्तम. २०१४पासून ती युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिप्या लिहिण्याच्या जागतिक मानकात आहे, पण सलग लिहिलेली, ऱ्हस्व-दीर्घ न पाळणारी जुनी कागदपत्रं यंत्राला वाचायला शिकवायची तर आधी अचूक लिप्यंतर लागतं. एखादं दप्तर निवडून ५० पानं स्वतः उतरवा. पायथॉन ही कोडिंगची भाषा त्यानंतर, गरजेपुरती.