आई गेल्यापासून वडील गप्प झालेत. हे वयामुळे की नैराश्य?

नुसत्या वयामुळे असं होत नाही. तुम्ही लिहिलंय त्यात (आईला जाऊन आठ महिने, गुडघे धरलेले, ऐकायला कमी, मुलगा पुण्यात) नैराश्याचा धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी एकत्र आल्यात, तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. मी नागपुरात ज्येष्ठांच्या समुपदेशनाचं काम करते. त्यांच्यापैकी ‘मन उदास आहे’ असं क्वचितच कुणी म्हणतं. ‘झोप लागत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’ एवढंच सांगतात. जोडीदाराचं जाणं मोठं कारण खरंच, पण ऐकू न येणं घरचे हमखास विसरतात. चारदा ‘काय म्हणालास?’ विचारून झालं की माणूस कट्ट्यावरून हळूच उठतो आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात, म्हणजे अंबाझरी तलावावरचं फिरणंही बंद. शिवाय हे तपासा:

- पूर्वी कधी नैराश्य, अर्धांगवायू, हृदयविकार, मधुमेह
- नव्याने सुरू झालेल्या गोळ्या
- रोजची दारू

मात्र थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच मंदावतो, स्मृतिभ्रंशाची सुरुवातही अशीच दिसू शकते. म्हणून रक्त तपासून घ्या आणि मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) मानसोपचार ओपीडीत न्या. ‘आता जगून काय करू’ असं बोलले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.