दुकान उघडलंस, पण गल्ला कुठाय?

सांगलीहून एका मुलीने लिहिलंय. वय २५, बी.कॉम., मग ग्राफिक डिझाइनचा कोर्स, पुण्यात एका एजन्सीत दोन वर्षं नोकरी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून घरी आली ती आलीच, आता वर्षभर घरूनच फ्रीलान्सिंग करतेय. एखाद्या महिन्यात ४१ हजार येतात, पुढच्या महिन्यात सहा. क्लायंट रात्री अकराला मेसेज टाकतात, पैसे अडकलेत, एका कंपनीने १० टक्के कापूनच दिले, घरचे म्हणतात "तू घरीच असतेस ना", आणि बाबा म्हणतात बँकेची परीक्षा दे. ताई, परत नोकरी धरू का, असं विचारलंय.

अगं, पत्राच्या शेवटी तू बारा महिन्यांचे आकडे लिहिलेस ना, त्यांची बेरीज केली होतीस का कधी? मी केली आत्ता, चहा घेता घेता. २ लाख ६४ हजार होतात. म्हणजे महिन्याला सरासरी २२. पुण्यात तुला १९ मिळत होते आणि त्यातले नऊ पीजी नि मेसमध्ये जायचे. धंदा चाललाय की तुझा! तुला तो दिसत नाही कारण पैसे येतात त्याच खात्यातून आईची औषधं, लाइट बिल, तुझं रिचार्ज सगळं जातं, त्यामुळे ४१ आले तरी महिनाअखेरीला खडखडाट आणि सहा आले की रडू.

तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे बघ जरा. त्याच्याकडे गल्ला असतो, उधारीची वही असते आणि शटरची वेळ असते. तुझ्याकडे माल चांगला आहे, ते मंडळाच्या अहवालाचं कव्हर बघितलं मी, ते अक्षर हाताने काढलंयस हे लगेच कळतं. पण बाकीच्या तीन गोष्टींचा पत्ता नाही.

गल्ला म्हणजे दुसरं सेव्हिंग खातं, बास. क्लायंटचा प्रत्येक रुपया तिथे आणि दर १ तारखेला तिथून घरच्या खात्यात १५ हजार, पगार समजून. ४१ आले तरी १५ च. तुझेच आकडे नीट बघ, मे-जूनमध्ये क्लासवाल्यांच्या अ‍ॅडमिशनच्या जाहिराती, मग गणपती, मग दिवाळी, आणि मधे पितृपक्षात शुकशुकाट कारण त्या पंधरवड्यात कोण उद्घाटन करतंय. हे दरवर्षी असंच होणार आहे, तुझं नशीब वगैरे काही नाही त्यात. जूनचे पैसे पितृपक्षाला पुरवायचे असतात.

आता उधारी. ४७ हजार येणं आहे म्हणतेस आणि त्यातले २८ एकट्या त्या क्लासवाल्या सरांकडे, तीन महिने. मला सांग, कामाआधी त्यांच्याशी काय ठरलं होतं? तू लिहिलंयस "ओळखीचे होते म्हणून बोलले नाही". ओळखीच्या माणसाशीच आधी बोलायचं असतं गं. मी पण शिकलेय हे पैसे घालवून, २००७ ला एका प्रकाशकाचं दोनशे पानांचं भाषांतर करून दिलं, सगळं फोनवर ठरलेलं, कागद नाही मेल नाही, आणि शेवटी ते म्हणाले आमचं तर निम्म्यातच ठरलं होतं. अकरा हजार गेले. त्या दिवसापासून मी फोन ठेवला की दोन ओळींचा मेल टाकते, "आत्ता ठरल्याप्रमाणे". तू व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, चालतं. काम काय, रक्कम किती, निम्मे आधी, दोन करेक्शन धरलेली, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय ओपन फाइल (जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल) नाही, तोवर वॉटरमार्कवाली जेपीजी. समोरचा "ओके" म्हणाला की कामाला लागायचं, नाही म्हणाला तर तो पैसेही देणार नव्हता, आधीच कळलं.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घे. सरकारी साइटवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, पैसे मागणारी साइट दिसली की बंद कर. घरून एकटीने काम करणारीही त्यात बसते. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे तुझे पैसे लेखी ठरलेलं असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आता सांगली केवढी, तू काही लगेच तक्रार करत सुटणार नाहीस, पण बिलावर उद्यमचा नंबर आणि या मुदतीची एक ओळ असली की मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले जरा लवकर हलतात. हे पुढच्या कामांसाठी हं, जुन्या २८ हजारांना नोंदणी नंतर करून फारसा उपयोग नाही.

ते १० टक्के कापले म्हणून तू चिडलीयस, ती फसवणूक नाही, टीडीएस आहे, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे तुझ्या नावाने भरायचा टॅक्स. इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन करून २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या नोंदीत बघ, तुझ्या पॅनवर जमा दिसतायत का. दिसत असतील तर रिटर्न भर, तुझ्या कमाईवर टॅक्स बसत नाही, ते परत येतील. नसतील दिसत तर मात्र त्यांना फोन कर. जीएसटीचं टेन्शन घेऊ नकोस, वर्षाला २० लाखांच्या वर गेलीस की बघू, तेव्हा मला पेढे पाठव.

शटर. हे सगळ्यात अवघड आहे कारण इथे क्लायंट नाही, आपली माणसं असतात. तू लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये डायनिंग टेबलवर बसतेस, मग सिलेंडरवाला आला तू ऊठ, मावशी आल्या तू चहा टाक, आणि खरं काम रात्री दहानंतर, म्हणून क्लायंटलाही सवय लागली की ही अकराला जागी असते! आतल्या खोलीत बस, भिंतीकडे तोंड करून का होईना. आईला व्यायाम, औषध, जेवण हे दहापर्यंत आटप आणि तिला सांग अकरा ते दोन मी कामावर. तिलाच सांग दारावरच्या माणसाला थांबवायला, आयांना हे काम दिलं की त्या वॉचमनपेक्षा कडक असतात, स्वानुभव. रात्री साडेआठनंतरच्या मेसेजला उत्तर सकाळी, पहिला आठवडा लोक कुरकुरतील. आणि संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन येत जा, दिवसभरात आईशिवाय कोणाशी बोललेच नाही असं तू सहज लिहून गेलीयस, मला ते सहज वाटलं नाही. हो, फाइल्स एकाच हार्डडिस्कवर ठेवू नकोस, २०१९ चा पूर सांगलीकराला मी काय सांगायचा.

राहिले बाबा. तुझ्या पत्रात बँकेच्या परीक्षेवर दीड ओळ आहे आणि त्या कव्हरच्या अक्षरावर जवळजवळ एक पान. तरी बाबांशी भांडू नकोस, त्यांना बारा महिन्यांची बेरीज दाखव आणि येत्या मार्चपर्यंत वेळ माग. तोवर महिन्याची सरासरी २२ च्या खाली गेली तर नोकरी बघू, त्यात लाज कसली. पण अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस डिझाइन असलं काही करू नकोस, माझ्याकडे आलेल्या मुलांमध्ये तसं करून दोन्ही हातचं गेलेली पोरंच जास्त आहेत.

उद्या अकरा वाजता त्या सरांना फोन कर. मेसेज नको, फोनच. "सर, २८ हजार राहिलेत, निम्मे या शुक्रवारी आणि निम्मे पुढच्या शुक्रवारी टाकाल का?" एवढंच विचारायचं आणि मग गप्प बसायचं, मधे "काही हरकत नाही सर" म्हणायचं नाही, तू म्हणशील म्हणून सांगतेय. काय म्हणाले ते कळव. आणि नव्या बॅचच्या बॅनरची ओपन फाइल अजून दिली नसशील तर देऊ नकोस.