गोवर येऊन गेला की शरीर आयुष्यभरासाठी तयार होतं, मग बाळाला लस कशाला टोचायची?

तुमचा प्रश्न वाचला आणि गॅस बंद करून लिहायला बसले, कारण हेच वाक्य माझ्या दादाने २०२१ साली चेंबूरच्या आमच्या घरात मला ऐकवलं होतं, जवळपास याच शब्दांत.

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगते. गोवर एकदा येऊन गेला की सहसा परत येत नाही. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर साथ आली तेव्हा पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टरला दिसलं की ज्या म्हाताऱ्यांना १७८१ च्या साथीत गोवर आला होता त्यांना ६५ वर्षांनीही तो परत आला नाही. बी आणि टी नावाच्या, शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी त्या विषाणूला ओळखायला शिकतात, त्यातल्या काही राखीव राहतात, पहिल्यांदा अँटीबॉडी (विषाणूला अडवणारी प्रथिनं) बनायला आठवडा-दोन आठवडे लागतात ते पुढच्या वेळी दोन-चार दिवसांत होतं. लस हीच ओळख करून देते, आजार न देता. हे तुम्हाला माहीतच असेल.

आता दादाचं. माझ्या भाच्याला साडेतीन महिन्यांचा पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांवरच्या लसीचा, डोस दिला त्या रात्री ताप चढला, मांडी टणक झाली, पोर पहाटेपर्यंत रडलं. वहिनी घाबरली, दादा माझ्यावर चिडला की चांगलं हसतंखेळतं पोर आजारी पाडलंस. मी त्याला सांगत होते की अरे हा ताप लसीने बिघडवलं म्हणून नाहीये, त्याच्या पेशी कामाला लागल्यात, त्या रक्तात निरोप सोडतात आणि मग मेंदूच अंगाचं तापमान वाढवतो, एक-दोन दिवसांत उतरेल. उतरलाही. पण नऊ महिन्यांच्या, गोवराच्या डोसची तारीख आली तेव्हा तो नाही म्हणाला. आपल्या घरात सगळ्यांना गोवर येऊन गेलाय, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा, आठ दिवसांत पोर खेळायला लागतं. वहिनीला द्यायचा होता डोस, पण ती बोलली नाही, आणि मीपण भांडण नको म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत साथ आली. गोवंडी म्हणजे आमच्या पुढचं स्टेशन. गोवराचा पेशंट खोलीतून निघून गेला तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच तो माणूस पसरवत असतो, त्यामुळे भाच्याला गोवर झाला तेव्हा तो कुठून आला ते शोधण्यात अर्थच नव्हता. आधी ताप, खोकला, लाल डोळे, मग चौथ्या दिवशी कानामागून पुरळ सुरू झालं. हॉस्पिटलमध्ये लागोपाठ दोन दिवस व्हिटॅमिन ए दिलं, आठवड्याभरात पुरळ मावळलं, दादा म्हणाला, बघ, झाला ना बरा.

जानेवारीत कान फुटला. फेब्रुवारीत जुलाब. मार्चमध्ये न्यूमोनिया, पाच दिवस ऑक्सिजन. त्या वॉर्डात रात्री मी त्याच्या पायाशी बसून असायचे, त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत जाताना बघत. तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, मागच्या सहा महिन्यांत गोवर आला होता का? आणि मग त्यांनी जे समजावलं ते आम्हाला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. गोवराचा विषाणू घुसतो तो नेमका त्या राखीव, आठवण ठेवणाऱ्या पेशींमध्येच. म्हणजे गोवराची ओळख पक्की होते, पण आधी शिकलेल्या बाकीच्या जंतूंची ओळख पुसली जाते. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं होतं, २०१९ मध्ये ते छापून आलं, त्या मुलांच्या जुन्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गेल्या होत्या. सगळं परत कमवायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. लसीने असं होत नाही. तेव्हा "नैसर्गिक प्रतिकारशक्ती जास्त चांगली" हे मला पुन्हा कोणी सांगू नका.

घरात कोणाला काही झालं नाही म्हणतात तेही खोटं आहे. आजीला सात मुलं, सगळ्यांना गोवर आला, सगळी उठली. पण त्यातली एक मुलगी दोन महिन्यांनी हगवणीने गेली. आजीने हे मला स्वतः सांगितलंय, आणि घरात आजवर तिचं जाणं गोवराच्या खात्यात कोणीच धरलेलं नाही, कारण तेव्हा पुरळ गेलेलं होतं.

हां, भाच्याचा तो न्यूमोनिया गोवरामुळेच झाला असं शपथेवर सांगता येणार नाही, लहान मुलांना तो एरवीही होतो. गोवर आलेली बरीच मुलं धड बरी होतात हेही खरं. आणि गोवराची लस ही जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे, त्यामुळे बाळाची प्रतिकारशक्ती फारच कमी असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

बाकी तुमच्या बाळाचं वय तुम्ही लिहिलं नाहीये. आईकडून आलेल्या अँटीबॉडी हळूहळू संपत येतात म्हणून पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. चुकला असेल तरी आता देता येतो, महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतो, कार्ड घेऊन जा.

वहिनीने धाकटीचे दोन्ही डोस वेळेवर दिले, दादाला न विचारता. तो अजून म्हणतो की मार्चचं ते सगळं हवेमुळे झालं. दादा, हे कोणी तुला पाठवलंच तर आजीच्या त्या मुलीबद्दल एकदा आबांना विचार.