घरी टेप केलेल्या जुन्या चालींची आता पूर्ण गाणी करता येतील का?

तुम्ही विचारले आहे की १९९५ ते २००० या काळात घरच्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रावर) टेप केलेल्या तुमच्या चालींच्या कॅसेट सापडल्या आहेत, त्यांत मागे सतत सूंसूं आवाज आहे, गाण्याची पट्टी, म्हणजे सुराची उंचीही, जागेवर राहत नाही, तेव्हा पूर्ण गाणी करताना ते जुने ध्वनिमुद्रण वापरावे की सगळे नव्याने गावे. मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि गेली तीन वर्षे हेच काम करते आहे. माझ्या १४ कॅसेटमधून आतापर्यंत ६ गाणी पुरी झाली आहेत, आणि त्यांपैकी दोन गाण्यांत माझा बाविसाव्या वर्षीचा आवाज तसाच ठेवला आहे.

पूर्ण गाणी नक्की करता येतात. मात्र जुने ठेवायचे की नवे गायचे, हे प्रत्येक गाण्याचे स्वतंत्रपणे आणि कॅसेट नीट वाजवून, तिची पट्टी जुळवून झाल्यावरच ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या गाण्याच्या वेळी मी हा क्रम पाळला नाही. जुन्या डेकवर, म्हणजे कॅसेट वाजवण्याच्या यंत्रावर, कॅसेट जशी वाजली तशी ऐकली, त्याच पट्टीत आणि त्याच लयीत नव्याने गायले, तबलाही वाजवून घेतला, आणि गाणे कुठेतरी घाईत असल्यासारखे का वाटते ते दोन महिने कळेना. कॅसेट मुळातच वेगाने वाजत होती. मी माझ्याच चालीची बिघडलेली नक्कल करत होते.

वाजवण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून फितीची गुंडाळी उजेडात पाहावी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत वर्षानुवर्षे कपाटात राहिलेल्या कॅसेटवर पांढुरके ठिपके असतील, तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नये, कारण ती बुरशी हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) आणि रबरी चाकावर बसून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. त्या कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात वेगळ्या ठेवून कोरड्या होऊ द्याव्यात, आणि साफ करताना नाकातोंडाला मास्क बांधावा. फितीमागचा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला असेल, तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात फितीच्या दोन्ही चकत्या हलवल्या की हे काम होते. इंटरनेटवर टेप ओव्हनमध्ये भाजण्याचे जे उपाय वाचायला मिळतात, ते विशिष्ट प्रकारच्या स्टुडिओ स्पूल टेपसाठी आहेत. घरच्या कॅसेटवर ते करू नयेत.

त्यानंतरची गोष्ट म्हणजे हेडचा कोन, आणि माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक याच गोष्टीने पडतो. ज्या यंत्रावर टेप केले त्याचे हेड आणि ज्यावर आज वाजवतो त्याचे हेड यांचा कोन सहसा तंतोतंत जुळत नाही, आणि थोड्याशा तिरकेपणानेही वरचे सूर मंद होतात. बहुतेक डेकमध्ये हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, हेडफोनवर दोन्ही चॅनल एकत्र मोनो करून ऐकत तो अगदी केसभर फिरवावा. माझ्या एका कॅसेटमध्ये ‘सांज’ हा शब्द ‘हांज’ असा ऐकू येत होता. मी स्क्रू घड्याळाच्या दिशेने जेमतेम वळवला आणि ‘स’ उघडा झाला, पेटीच्या भात्याचा श्वासही ऐकू आला. आणखी किंचित फिरवला तर पुन्हा गोधडी पांघरल्यासारखे झाले. सूंसूं आवाज जिथे सर्वांत कर्कश वाटतो, तीच बहुधा योग्य जागा असते, म्हणून त्या कर्कशपणाला घाबरू नये. हा कोन प्रत्येक कॅसेटसाठी, प्रसंगी प्रत्येक बाजूसाठी, वेगळा लावावा लागतो. डेकवरचे डॉल्बीचे, म्हणजे सूंसूं कमी करणाऱ्या सोयीचे, बटण मात्र बंद ठेवावे. टेप करताना डॉल्बी वापरलेच नसेल, तर ते आता लावून सूंसूंबरोबर गाण्यातले तेजही जाते.

हे झाले की २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ या उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणात संपूर्ण बाजू एका दमात संगणकावर घ्यावी आणि ती फाइल मूळ म्हणून बाजूला ठेवावी. पुढचे सगळे काम तिच्या प्रतीवर करावे.

आता पट्टीकडे येते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकणे अपेक्षित असते, पण घरगुती यंत्रांचा वेग यापेक्षा थोडा कमीजास्त असे, आणि सेलवर टेप केले असेल तर सेल उतरत जातील तसा तो आणखी मंद होई. मंद वेगाने टेप केलेले गाणे योग्य वेगाने वाजवले की चढ्या पट्टीत आणि द्रुत लयीत ऐकू येते. त्यामुळे सेलवर केलेल्या कॅसेटमध्ये बाजूच्या शेवटाकडे गायिका सुराबाहेर चढत चालल्यासारखी वाटते, तेव्हा दोष तिच्या गळ्याचा नसतो. विजेवर टेप केलेल्या कॅसेटमध्ये ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली गुणगुण मिसळलेली असते, आणि ती मोजून मूळ वेग काढता येतो, असे सांगितले जाते. ते तत्त्व बरोबर आहे, पण १९९० च्या दशकात आपल्या वीजपुरवठ्याच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी आजच्याइतकी स्थिर नव्हती, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नये. माझ्या १९९७ च्या एका कॅसेटमध्ये १०० हर्ट्झच्या जागी १०१.५ दिसत होते, म्हणजे वेग दीड टक्क्याने जास्त; आणि तसे दुरुस्त करूनही गाणे पट्टीत बसेना. त्या गाण्याला आमच्या जुन्या इमारतीतल्या शेजारच्या काकांनी पेटीची साथ केली होती. ते आता कळव्याला राहतात, आणि सुदैवाने तीच पेटी त्यांच्याकडे आहे. मी फोनवरचा ट्यूनर घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी भाता ओढला, काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) दाबून धरली, आणि आकडा २०७ हर्ट्झवर थांबला. कॅसेटमध्ये हाच सूर २१३ वर होता. म्हणजे खरा फरक जवळजवळ तीन टक्क्यांचा, लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याइतका होता. पेटीचे सूर काळाने थोडे सरकतात हे मान्य करूनही, मूळ वाद्य हाताशी असेल तर त्याची साक्ष गुणगुणीपेक्षा भरवशाची समजावी.

दुरुस्ती करताना लय कायम ठेवून फक्त सूर उतरवणारे साधन वापरू नये. लय आणि सूर दोन्ही एकत्रच बिघडले होते, म्हणून रीसॅम्पलिंग करून, म्हणजे वाजण्याचा वेगच बदलून, दोन्ही एकत्रच पूर्ववत करावे. रीपर आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. त्या दुरुस्तीनंतर मी माझा आवाज प्रथमच ओळखीचा असा ऐकला, आणि ते गाणे नव्याने गायचे नाही हे त्या संध्याकाळी ठरले.

मागचा आवाज काढण्याबाबत माझे म्हणणे असे आहे की जितका कमी काढाल तितके चांगले. पार पुसून टाकायला गेले की शब्द पाण्याखालून बोलल्यासारखे होतात. मी पाच-सहा डेसिबलपेक्षा जास्त कधी कमी करत नाही. वर तानपुरा आणि नवी वाद्ये आली की उरलेला सूंसूं आवाज त्यांत विरतो. टू-इन-वनमध्ये मात्र एक वेगळीच अडचण असते. अंगच्या माइकवर टेप करताना ते यंत्र आवाजाची पातळी आपोआप वरखाली करते, त्यामुळे गाणारा श्वासासाठी थांबला की छताच्या पंख्याची घरघर उसळून वर येते आणि पुढची ओळ सुरू झाली की पुन्हा दबते. यावर तयार उपाय शोधू नका. प्रत्येक ओळीमधली जागा हाताने खाली ओढावी लागते. एका गाण्याला मला यासाठी चार रात्री लागल्या, पण गाणे ऐकण्याजोगे झाले ते त्यामुळेच. आमचे जुने घर कोपरीच्या बाजूला रुळांजवळ होते, आणि एका अंतऱ्यात लोकलचा भोंगा ऐकू येतो. तो मी काढलेला नाही.

आवाज आणि वाद्य वेगळे करणाऱ्या डेमक्ससारख्या प्रणालींविषयीही स्पष्ट लिहिते. बीटल्सचे २०२३ साली आलेले ‘नाऊ अँड देन’ हे गाणे जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गाऊन ठेवलेल्या कॅसेटवरून झाले, आणि त्यातला आवाज अशाच तंत्राने पियानोपासून सोडवला गेला. ते ऐकून आपल्या कॅसेटकडूनही तशीच अपेक्षा ठेवली जाते. परंतु पियानोचा सूर आघात होताच विझू लागतो, तर पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो. शिवाय आपली पेटीवाली माणसे गाणाऱ्याच्या मागोमाग तेच स्वर धरतात. या प्रणाली मुख्यतः पाश्चात्त्य बँडच्या संगीतावर तयार झाल्या आहेत, आणि गळ्याला चिकटून चालणारी पेटी त्यांना नीट सुटत नाही. आवाजाला पत्र्यासारखी किनार राहते. तेव्हा तबला किंवा गिटार वेगळे करायला त्यांची मदत घ्या, पण पेटी आवाजाबरोबरच राहू द्या आणि मांडणी तिच्याभोवती करा. माझ्या गाण्यात काकांची पेटी त्यामुळेच राहिली, आणि आता त्यांची बोटे आखडल्याने ती साथ पुन्हा मिळणेही शक्य नव्हते.

वाद्ये जोडताना मेट्रोनोमवर जुना आवाज ओढून बसवू नये. माझा मुखडा मिनिटाला ८४ मात्रांच्या आसपास आहे आणि अंतऱ्यात तो ८८ पर्यंत जातो. तो वेग शब्दांनी घेतलेला आहे. मी केहरव्याची प्रत्येक सम हाताने खूण करून संगणकाचा ठोकाच गाण्यामागे चालवला. तबलावादकाला आठवडाभर आधी ते ध्वनिमुद्रण ऐकायला दिले, आणि त्याने तिसऱ्या प्रयत्नात अंतऱ्याकडची ती चढण इतकी सहज घेतली की खुणांची गरज उरली नाही. तबला आम्ही घरीच, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, खिडक्यांवर गोधड्या टांगून मुद्रित केला, कारण त्या वेळी रस्ता सर्वांत शांत असतो.

उरलेली चार गाणी मी नव्याने गायले, आणि त्यांत जुन्या पट्टीचा हट्ट धरला नाही. तेव्हा काळी चारमध्ये सहज जाणारा गळा आज पांढरी चारमध्ये मोकळा होतो. जुन्या कॅसेटवरून घेतल्या त्या ओळींमधल्या थांबण्याच्या जागा, कारण त्या मी आज ठरवून घेतल्या नसत्या. अपुरे अंतरे लिहिताना आधीचे शब्द सुधारण्याचा मोह मला झाला. त्या ओळी तरुण मुलीच्या आहेत, म्हणून तशाच ठेवल्या आणि नवा अंतरा त्यांना उत्तर देईल असा लिहिला.

तुमच्या चाली दुसऱ्या कवींच्या कवितांवर असतील, तर प्रसिद्ध करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या वारसांचा हक्क असतो. घरी गुणगुणताना हा प्रश्न येत नाही, गाणे लोकांपुढे ठेवताना येतो. कॅसेटवर ज्यांनी वाजवले आहे त्यांचेही कलाकार म्हणून हक्क असतात. मी साधे संमतिपत्र घेऊन कळव्याला गेले, तेव्हा काकांनी गाणे दोनदा ऐकले, सही केली, आणि श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे १९९७ हे साल लिहायला सांगितले.