तुझ्या पत्राचा ताजा कलम

प्रिय मुली,

तुझ्या लिनक्सच्या कार्यक्रमाला सत्तर जण आले, टाळ्या वाजल्या आणि महिनाभरात विंडोज काढून डेबियन हे लिनक्स टाकलं ते फक्त एकाने. म्हणून तू तीन पानं भरून विचारतेस, की भाषण बदलू, स्लाइड्स बदलू की डिस्ट्रोच, म्हणजे लिनक्सचा प्रकारच, बदलू? आणि तो जो एक आहे, ज्या काकांचा स्कॅनर अडलाय, ते तुझ्या ताज्या कलमात, दीड ओळीत. मला राग आला तो तिथे. अगं, तुझा कार्यक्रम म्हणजे ते काका. त्यांच्याजवळ बस.

मी वर्षानुवर्षं सीड्या वाटल्या. १९८३ चा स्टॉलमन यांचा मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प, १९९१ चा टॉरवाल्ड्स यांचा लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेलं डेबियन, सगळं तारखांसह सांगायचो. लोकांना हवं असायचं एवढंच, की माझा प्रिंटर चालेल का. ते बघायला मी थांबायचो नाही, पुढचं भाषण असायचं.

एका निवृत्त शिक्षिकेच्या लॅपटॉपवर डेबियन टाकलं आणि वायफाय चालेना. त्या वायफाय चिपचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, मुक्त नव्हता, त्याचा कोड बंद होता, त्यामुळे तेव्हाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं. वेगळं उतरवून पेन ड्राइव्हवरून घालणं हे दहा मिनिटांचं काम. मी घातलं नाही. मुक्त नसलेलं काही घालायचं नाही हे तत्त्व अर्धा तास समजावलं आणि निघून आलो. आठवड्याभरात त्यांनी जुनी सिस्टिम परत बसवून घेतली. पुढे २०२२ मध्ये डेबियनच्या स्वयंसेवकांनीच मतदान करून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते येऊ लागलं.

तत्त्वात मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. बंद फर्मवेअर आत काय करतंय हे बाहेरच्या कुणाला तपासता येत नाही, आणि अडून बसणारे होते म्हणूनच काही चिपांचं फर्मवेअर खुलं झालं. माझ्यासाठी मशीन घेताना मी अजूनही आधी चिप बघतो. पण तो हट्ट माझ्या मशीनवर करायचा होता. त्यांच्याजवळ मी बसायला हवं होतं.

डिस्ट्रोचं विचारतेस, तर जे तुला रात्री अकरा वाजता फोनवरून दुरुस्त करता येईल ते. आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चालवून दाखव, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, देवनागरी टायपिंग. फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर. मग बसव. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही म्हणून विंडोज ११ न चालणारी कितीतरी धडधाकट मशीनं लोकांकडे आहेत. त्यांना भाषण नको, शेजारी बसणारं कुणीतरी हवंय.

आणि ‘फुकट आहे’ हे तुझ्या पहिल्या स्लाइडवरचं वाक्य काढ. फुकट म्हटलं की लोक गोम शोधतात. हे माणसं चालवतात, हे त्यांना कळू दे, आणि ते सांगून कळत नाही. काहीतरी बिघडलं की दोघं मिळून बग रिपोर्ट, म्हणजे सिस्टिम बनवणाऱ्यांना बिघाडाची तक्रार, लिहा. कुठल्या तरी देशातला एक अनोळखी माणूस आपल्या सुटीच्या दिवशी ‘हा लॉग पाठवा’ असं उत्तर लिहितो. ते पत्र त्यांच्याच इनबॉक्समध्ये यायला हवं, तुझ्या नाही.

तेव्हा काकांना आजच फोन कर. स्कॅनरचं नेमकं मॉडेल विचारून घे आणि लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या सेन (SANE) प्रकल्पाच्या यादीत ते आहे का बघ. नसेल तर मला कळव, रविवारी मी मोकळा आहे.

तुझा,
सर