लिंबावरची ‘घाण’, भोपळ्याची वांझ फुलं आणि अंगणातले चतुर

नमस्कार मंडळी. सोयाबीनची काढणी तोंडावर आली आहे, तरी या आठवड्यातले निम्मे फोन परसदाराबद्दलचे होते. घटस्थापनेच्या आधी घर-अंगण झाडताना झाडांकडे नजर जाते, त्यामुळे असेल. त्यातल्या चार प्रश्नांची उत्तरं देतो.

एका ताईंनी फोटो पाठवून विचारलं आहे : लिंबाच्या रोपावर पक्षी घाण करतात आणि शेंड्याची पानं कुणीतरी कुरतडतं, दोन्हींवर एकच औषध सांगा.

ताई, पक्ष्यांना उगाच बोल लावू नका. फोटो मोठा करून बघा, त्या घाणीला पाय आहेत. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी काळपट तपकिरी, मध्ये पांढरा डाग, म्हणजे हुबेहूब चिमणीची शीट. त्यामुळे पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. काडीने डिवचलीत तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका, चावत नाही. लिंबू, मोसंबी, कढीपत्ता, बेल ही तिची ठरलेली झाडं. कोवळ्या पालवीवर पिवळसर, मोहरीएवढी अंडी एकेकटी दिसतील, ती बोटाने पुसून काढा. एका रोपावरच्या पाच-सहा अळ्यांसाठी पंप काढायची गरज नाही, हाताने वेचा. झाडं जास्त असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा : 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून एक लिटर करायची, थोडा साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायची. मोठ्या झाडाची चार पानं गेली तर जाऊ द्या. माझ्या घरचं कढीपत्त्याचं एक झुडूप मी त्यांनाच सोडलंय, घरातून बोलणी बसतात ती वेगळी.

दुसरा प्रश्न एका काकांचा : डांगराच्या वेलाला ढीगभर फुलं येतात, पण सगळी गळतात, वेल वांझ आहे का?

काका, फूल हातात घेऊन देठ बघा. लांब, बारीक, सरळ देठ असेल तर ते नर फूल, ते गळणारच. मादी फुलाच्या खाली गोटीएवढा भोपळा आधीच असतो. वेलाला सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात. गोटी असलेली फुलंही पिवळी पडून गळत असतील, तर परागीभवन होत नाही असं समजा. हस्ताच्या सरींनी पराग भिजतो आणि मधमाश्याही बाहेर पडत नाहीत. उघडीप मिळाली की सकाळी सात-आठच्या सुमाराला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या सोला आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. दहा वाजता गेलात तर फूल मिटू लागलेलं असेल. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे दिवेलागणीला जा. धरलेलं फळ मऊ पडून आत अळ्या निघाल्या तर ती फळमाशी, तशी फळं उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा. पानांवर पांढरी भुरी दिसली तर खालची जुनी पानं काढा. गंधक मात्र ऑक्टोबरच्या उन्हात फवारू नका, वेलवर्गाची पानं भाजतात. आणि युरिया थांबवा, तुमच्या फोटोत पानं सुपाएवढी झाली आहेत!

शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचा गोधडीसारखा थर बसलाय, अशी तक्रार तिघांची आहे. ते दिवसा खोडावर एकत्र बसतात आणि रात्री वर चढून पाला खातात, म्हणून सकाळचीच वेळ साधा. जुन्या खराट्याने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. पलिता फिरवू नका, साल भाजते. अंगभर कपडे घाला, त्यांच्या केसांनी फार खाज सुटते.

शेवटचा प्रश्न एका शाळकरी मुलीचा : अंगणावर शेकडो चतुर घिरट्या घालतात, ते पिकाला काही करतात का? काही नाही बाळ. ते डास-चिलटं खातात आणि त्यांची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या फस्त करतात. यातल्याच एका जातीचे थवे ऑक्टोबरमध्ये समुद्र ओलांडून मालदीवच्या बेटांवर उतरतात. तुझ्या अंगणातलेही काही दिवसांत दिसेनासे होतील, तोवर मोजून ठेव.