दादरला भाड्याने घर बघताय? मग हे वाचाच

दादरमध्ये पहिल्यांदाच घर बघत असाल तर आधी ईस्ट की वेस्ट ते ठरवा. वेस्टला रानडे रोड, फूल मार्केट, प्लाझाचा परिसर म्हणजे सगळं हाताशी, पण स्टेशनजवळ पहाटेपासूनच टेम्पो आणि हमालांचा आवाज सुरू होतो, म्हणून रूम दुपारी बघून टोकन देऊ नका, एकदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी सातला चक्कर मारा. दिवाळीच्या आधी तर चालायला जागा नसते. शांतता हवी असेल तर ईस्टला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीकडचा भाग बघा, झाडं भरपूर, मला स्वतःला तोच आवडतो, भाडं मात्र जड जातं.

जुन्या बिल्डिंगमध्ये पागडीची रूम (म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यात राहायचा जुना भाडेकरू हक्क) असेल तर देणाऱ्याकडे मूळ मालकाची लेखी परवानगी आहे का ते नक्की विचारा, नाहीतर उद्या तुम्हीच रस्त्यावर. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा करार, रजिस्टर करूनच घ्या, कायद्याने तो लागतोच, नुसत्या नोटरीवर भागवू नका. पाणी किती वाजता येतं हे एजंटला नाही, शेजारच्या काकूंना विचारा.

आणि हो, स्टेशनवर 2023 च्या डिसेंबरपासून सेंट्रलचे प्लॅटफॉर्म 8 ते 14 झालेत, जुने नंबर सांगणारे अजून भेटतात.